हरवलेल्या वैमानिकाचा शोध : समजुतीच्या नोंदीकडून स्थानाच्या नोंदीकडे

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने उड्डाणांकडे, विक्रमांकडे आणि युद्धांकडे गेलेले दिसते. विमान दिसेनासे झाल्यानंतर त्याचा शोध कसा घेतला गेला, हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक प्रत्येक शोधमोहीम ही इतिहाससंशोधनाचाच एक तातडीचा प्रकार होय. घटना घडून गेलेली असते, प्रत्यक्ष साक्षीदार बहुधा उपलब्ध नसतो आणि हाती आलेल्या अपुऱ्या, परस्परविरोधी साधनांवरून घटनास्थळ निश्चित करावयाचे असते. फरक एवढाच, की इतिहासकाराचा निष्कर्ष चुकला तर पुढील अभ्यासक तो दुरुस्त करू शकतो. शोध घेणाऱ्याचा निष्कर्ष चुकला तर जखमी माणूस मदतीची वाट पाहत प्राण सोडतो.

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो ग्लायडर आणि पॅराग्लायडर या इंजिनविरहित वाहनांच्या बाबतीत. प्रस्तुत लेखात विमानाचा माग ठेवण्याचे तंत्र कसे विकसित झाले, इंजिनविरहित उड्डाणाच्या शोधकार्यात त्याचा उपयोग कसा होऊ लागला आणि महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या दृष्टीने त्यातून कोणता बोध घ्यावयाचा, याचा ऐतिहासिक पद्धतीने विचार केला आहे. शोधाची प्रगती ही ‘समजुतीच्या नोंदी’कडून ‘स्थानाच्या नोंदी’कडे झालेली वाटचाल आहे, मात्र या वाटचालीचे अखेरचे पाऊल आजही जमिनीवरील माणसालाच टाकावे लागते, असे येथील प्रतिपादन आहे.

१. समजुतीची नोंद : जुन्नर आणि माँ ब्लाँ

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे प्रवासी विमान बँकॉकहून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाकडे येत असताना नाहीसे झाले. ते जुन्नर परिसरातील दवंड्याची टेकडी या नावाने नोंदलेल्या डोंगरावर, माथ्यापासून अवघ्या काही फुटांवर आदळले होते. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. पावसाळी रात्री, सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखात घडलेला हा अपघात महाराष्ट्राच्या भूमीवरील मोठ्या विमान अपघातांपैकी एक होय. दिशादर्शनातील चुकीमुळे आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असा वैमानिकांचा समज झाला आणि विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले, असे चौकशीत निष्पन्न झाले.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्या काळी विमानाच्या ठावठिकाण्याचे मुख्य साधन म्हणजे वैमानिकाने रेडिओवरून दिलेले निवेदन. हे निवेदन प्रामाणिक असले, तरी विमान प्रत्यक्षात कोठे आहे हे ते सांगत नसे. ते कोठे आहे असे वैमानिकाला वाटते, एवढेच सांगत असे. आणि जेथे अपघाताचे कारणच दिशाभूल हे असते, तेथे शोधाचे मुख्य साधन नेमक्या त्याच चुकीने दूषित झालेले असते.

मुंबईशी संबंधित आणखी दोन घटना हेच दर्शवितात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे मुंबईहून निघालेले विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ जण मृत्युमुखी पडले. अवशेष दृष्टीस पडण्यास दोन दिवस लागले. तेथे पोहोचण्याच्या प्रयत्नात रेने पायो या शामोनीच्या गिर्यारोहण-मार्गदर्शकाला प्राण गमवावे लागले. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ कोसळले. ११७ मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. या वेळी जमिनीवरील नियंत्रकाला रडारवर विमानाचे स्थान दिसत होते व त्याने ते कळविलेही होते. परंतु आपण पर्वत ओलांडला आहे या समजुतीत असलेल्या वैमानिकाने त्या सूचनेचा वेगळा अर्थ घेतला, असा निष्कर्ष चौकशीत काढण्यात आला. म्हणजे स्थानाची नोंद उपलब्ध असूनही समजुतीने तिच्यावर मात केली. २०१२ साली तेथील हिमनदीतून भारत सरकारची एक राजनैतिक टपालपिशवी बाहेर आली. ४६ वर्षांनी निसर्गाने जणू आपले दप्तर उघडले.

२. उपग्रहाची साक्ष

या उणिवेवरील पहिला महत्त्वाचा उपाय म्हणजे अपघातानंतर आपोआप संदेश देणारा आपत्कालीन प्रेषक. त्यामागील प्रेरणा हृदयद्रावक आहे. मार्च १९६७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एका कुटुंबाचे छोटे विमान कोसळले. अवशेष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांना सापडले, तेव्हा तेथे मिळालेल्या रोजनिशीवरून उघड झाले की आई व मुलगी अपघातानंतर सुमारे दोन महिने जिवंत होत्या. पुढे १९७० साली अमेरिकेने नागरी विमानांवर असे प्रेषक बसविण्याचा कायदा केला. ग्लायडर मात्र या सक्तीच्या बाहेर राहिले.

प्रेषकाचा आवाज ऐकण्यासाठी आकाशात कोणीतरी असणे आवश्यक होते. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७९ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन काळात, ‘कोस्पास-सारसॅट’ ही संयुक्त उपग्रहयोजना आखली. १९८२ च्या जून महिन्यात तिचा पहिला उपग्रह अवकाशात गेला आणि सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांचे प्राण वाचले. हे तिघे दुसऱ्या एका बेपत्ता विमानाच्या शोधार्थ निघाले होते, ही बाब शोधकार्यातील जोखीम पुरेशी स्पष्ट करते.

भारतही या योजनेत सहभागी झाला. १९९२ व १९९३ साली सोडलेल्या इन्सॅट-२ए आणि इन्सॅट-२बी या उपग्रहांवर शोध व बचावासाठीचे उपकरण होते; भारतीय अवकाश संशोधन संस्थेची भू-केंद्रे बेंगळुरू व लखनौ येथे उभारण्यात आली. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झ संदेशांचे उपग्रहाद्वारे ग्रहण १ फेब्रुवारी २००९ पासून थांबविण्यात आले, कारण त्यावर खोट्या सूचनांचे प्रमाण फार होते. त्यानंतर उपग्रहांवरून केवळ ४०६ मेगाहर्ट्झ संदेशांचे ग्रहण होऊ लागले. यात प्रत्येक प्रेषकाची स्वतंत्र ओळख असते आणि अनेक प्रेषक स्वतःचे उपग्रहाधारित स्थानही कळवितात.

तरीही प्रेषकाची एक मूलभूत मर्यादा आहे. तो अपघातानंतर बोलू लागतो. आणि अपघातातच त्याची तार तुटली, तो पाण्यात बुडाला वा आगीत सापडला, तर तो मुका होतो. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात बेपत्ता झाले. राज्याच्या प्रमुखासाठी वायुदलासह सर्व यंत्रणा कामास लागूनही अवशेष दिसण्यास दुसरा दिवस उजाडला. २२ जुलै २०१६ रोजी बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीशा झालेल्या वायुदलाच्या एएन-३२ विमानाचे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळावर असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. मध्ये साडेसात वर्षे गेली. म्हणून, अपघातानंतरच्या हाकेवर विसंबण्याऐवजी अपघातापूर्वीचा माग सतत नोंदविला जावा, हा विचार बळावला. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच-३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाल्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान किमान दर पंधरा मिनिटांनी नोंदविण्याचा दंडक घातला. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला.

३. ग्लायडरची अडचण

मोठ्या विमानांसाठी केलेली ही व्यवस्था ग्लायडरच्या फारशी उपयोगी पडत नाही. त्याची कारणे या वाहनाच्या स्वरूपातच आहेत. इंजिन नसल्याने विद्युतनिर्मिती नाही. सारी उपकरणे छोट्या बॅटरीवर चालतात. आधुनिक ग्लायडर काचतंतू वा कार्बनतंतूंचे असल्याने रडारवर त्यांची प्रतिमा क्षीण उमटते. वर चढणाऱ्या हवेच्या शोधात वैमानिक डोंगरकड्यांच्या निकट, अनेकदा रडारच्या दृष्टिपथाखाली उडतो. त्याचा मार्ग पूर्वनिश्चित नसतो. ऊन, वारा आणि ढग तो ठरवितात. शिवाय चढती हवा न मिळाल्यास एखाद्या शेतात उतरणे हा या क्रीडेचा नित्याचा भाग असल्यामुळे, वेळेवर न परतलेला वैमानिक संकटात आहे की कोठे तरी बांधावर सुखरूप बसला आहे, हे लवकर कळत नाही. पहिले मोलाचे तास या संभ्रमात जातात.

भारतात ग्लायडिंगची परंपरा पुण्याशी जोडलेली आहे. हडपसर येथील ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत स्थापन झाले. भारतीय बनावटीच्या ‘रोहिणी’ या, शेजारी-शेजारी दोन आसने असलेल्या प्रशिक्षण-ग्लायडरने १९६१ साली प्रथम उड्डाण केले. विंचच्या तारेने ओढून वर नेलेले ग्लायडर धावपट्टीच्या परिसरात घिरट्या घालून परत येते, तोवर जमिनीवरील डोळ्यांची देखरेख पुरेशी ठरते. परंतु कामशेत परिसरातील डोंगरांवर रुजलेले पॅराग्लायडिंग आणि हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंगहून होणारी दीर्घ पल्ल्याची उड्डाणे यांत वैमानिक पाहता पाहता डोंगराआड जातो. २०१५ साली पॅराग्लायडिंग विश्वचषकाची स्पर्धा भरलेल्या बीड-बिलिंगच्या पाठीशी धौलाधारची रांग उभी आहे. तेथे भरकटलेल्या वैमानिकाचा शोध हा सपाट प्रदेशातील शोधाहून सर्वस्वी निराळा असतो.

माग नसताना शोध किती कठीण होतो, याचे उदाहरण स्टीव्ह फॉसेट यांचे आहे. २००६ साली ग्लायडरमधून पन्नास हजार फुटांहून अधिक उंची गाठणारा हा विक्रमवीर ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एका छोट्या इंजिनाच्या विमानातून सहज फेरफटक्यास निघाला. त्याने उड्डाण-आराखडा नोंदविलेला नव्हता. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे न्याहाळली. तरी वर्षभर काहीच हाती लागले नाही. अखेर २००८ च्या सप्टेंबरअखेरीस एका पदभ्रमण करणाऱ्या व्यक्तीला त्याची ओळखपत्रे सापडली आणि त्यावरून अवशेषांपर्यंत पोहोचता आले.

४. सहप्रवाशाची साक्ष

यावरील उपाय ग्लायडर वैमानिकांच्या समुदायातूनच पुढे आला. हवेत ग्लायडर एकमेकांवर आदळून होणारे अपघात टाळण्यासाठी २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ हे छोटे यंत्र तयार झाले. ते उपग्रहांवरून आपले स्थान जाणते, पुढील काही सेकंदांतील मार्गाचा अंदाज बांधते आणि तो कमी शक्तीच्या रेडिओवरून सभोवतालच्या ग्लायडरांना सतत कळविते. हेतू टक्कर टाळण्याचा होता, शोधकार्याचा नव्हता. परंतु लवकरच लक्षात आले की प्रत्येक यंत्रात केवळ स्वतःच्या नव्हे, तर जवळून गेलेल्या इतर ग्लायडरांच्या संदेशांचीही नोंद राहते. त्यामुळे एखादा वैमानिक न परतल्यास, त्या दिवशी त्या प्रदेशात उडालेल्या इतरांच्या यंत्रांतील नोंदी एकत्र करून त्याचे शेवटचे ज्ञात स्थान काढता येऊ लागले. पुढे हौशी तंत्रज्ञांनी अल्प किमतीच्या रेडिओ-संग्राहकांचे ‘ओपन ग्लायडर नेटवर्क’ हे जाळे विणले आणि हे संदेश जमिनीवरही एकत्र साठू लागले.

इतिहासशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही आनुषंगिक साधने होत. शिलालेख कोरणाऱ्याला आपली कीर्ती सांगावयाची असते. पण त्यातील गावांच्या नावांवरून आपण तत्कालीन भूगोल जाणतो. त्याचप्रमाणे टक्कर टाळण्यासाठी पाठविलेला संदेश शोधाचे साधन बनतो. ज्याचा माग हवा त्याचे यंत्र नष्ट झाले तरी त्याची साक्ष सोबत्याच्या दप्तरात शिल्लक राहते.

या साक्षीचे मोल साध्या गणिताने कळते. एक मीटर खाली येताना तीस मीटर पुढे जाणारे ग्लायडर जमिनीपासून १,००० मीटर उंचीवर असताना त्याचा माग तुटला, तर वारा व चढ-उतार विचारात न घेताही ते ३० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोठेही असू शकते. हे क्षेत्र सुमारे २,८०० चौरस किलोमीटर होते. तोच माग १०० मीटर उंचीपर्यंत मिळाला, तर त्रिज्या ३ किलोमीटरवर आणि क्षेत्र सुमारे २८ चौरस किलोमीटरवर येते. शोधाचे क्षेत्र शंभरपटींनी घटते. परंतु येथेही साधन-चिकित्सा हवी. शेवटची नोंद म्हणजे अपघाताचे स्थळ नव्हे. अनेकदा ती केवळ वैमानिक डोंगराआड गेल्याची खूण असते. नोंदीचे मौन आणि घटनेचा अंत यांत गल्लत करण्याचा मोह इतिहासकाराप्रमाणेच शोधपथकालाही होतो.

भारतात याला कायद्याचीही एक बाजू आहे. परदेशी पॅराग्लायडर जे उपग्रह-संदेशक सोबत बाळगतात, ते भारतात सुरक्षेच्या कारणास्तव परवानगीवाचून वापरता येत नाहीत. सुरक्षेची चिंता रास्त आहे. परंतु दुर्गम प्रदेशात मोबाईलचा संपर्क नसताना हाच एक दुवा उरतो, हेही तितकेच खरे. अशा स्थळी स्पर्धक व पर्यटकांसाठी अधिकृत, नोंदणीकृत पर्याय उपलब्ध करून देणे हा धोरणाचा विषय व्हावयास हवा.

५. मराठवाड्याच्या आकाशातील वायुफुगे

इंजिनविरहित वाहनाचा माग ठेवून ते परत मिळविण्याची एक सुव्यवस्थित पद्धती आपल्या शेजारीच दीर्घकाळ चालत आली आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी वायुफुगे उडविण्याची परंपरा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या पुढाकाराने सुरू झाली. या संस्थेचे हैदराबाद येथील केंद्र पातळ पॉलिथीनचे महाकाय फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत पाठविते. काम संपल्यावर वैज्ञानिक उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. वाऱ्याच्या दिशेनुसार ती तेलंगणा, उत्तर कर्नाटक वा महाराष्ट्राच्या सीमावर्ती जिल्ह्यांत उतरू शकतात.

फुग्याचे स्थान दूरमापनाने शास्त्रज्ञांना कळत असते. तरीही उड्डाणांच्या हंगामापूर्वी वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन दिले जाते : अशी वस्तू आढळल्यास उघडू नये, हलवू नये; जवळचे पोलीस ठाणे, टपाल कार्यालय वा जिल्हा प्रशासनास कळवावे; कळविणाऱ्यास योग्य बक्षीस मिळेल. उपकरणासोबतही सूचनापत्र जोडलेले असते. जानेवारी २०२५ मध्ये हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावात असा एक फुगा येऊन पडला, तेव्हा प्रथम गावकरी घाबरले. परंतु सोबतच्या कन्नड पत्रामुळे उलगडा झाला. ज्या शास्त्रज्ञाचे विमान नोंद उपलब्ध असूनही माँ ब्लाँवर हरवले, त्याच्याच परंपरेतील या प्रयोगांत नोंद आणि गावकरी यांचा दुवा आधीच जोडून ठेवलेला आहे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

६. सास्तूरचा संदर्भ

लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावाला शोधाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. सास्तूर हे सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार यांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. कोणतीही यंत्रणा पोहोचण्यापूर्वीच्या घटकांत ढिगाऱ्यातून माणूस काढणारे हात हे शेजाऱ्यांचे व आप्तांचेच असणार. आणि कोठे उकरावे हे कोणत्या घरात, कोणत्या खणात कोण निजत असे हे जाणणाराच सांगू शकतो. ‘शेवटचे ज्ञात स्थान’ ही संकल्पना तंत्रज्ञांनी आज घडविली. तिचा अर्थ या मातीने त्या पहाटे अनुभवला आहे. शेजाऱ्याच्या स्मरणात जी नोंद असते, तीच ग्लायडरच्या जगात सोबत्याच्या यंत्रात असते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, वैमानिकाच्या निवेदनाकडून रडार, उपग्रह-प्रेषक आणि अखंड माग यांकडे झालेली वाटचाल ही साधनांची विश्वसनीयता वाढविणारी आहे. दोन, ग्लायडर व पॅराग्लायडर यांच्याबाबत सर्वांत उपयुक्त साधन हे शासनाच्या मोठ्या यंत्रणेतून न येता वैमानिकांच्या परस्परांविषयीच्या जबाबदारीतून निर्माण झाले. तीन, यंत्र क्षेत्र आखून देते. वाट, ओढा, कडा आणि झाडी जाणणारा स्थानिक माणूस शोध पूर्ण करतो.

यास्तव जेथे जेथे अशी उड्डाणे होतात तेथे, म्हणजे कामशेतपासून मराठवाड्यात पुढे सुरू होऊ शकणाऱ्या साहसी क्रीडाकेंद्रांपर्यंत, प्रत्येक उड्डाणाची नोंद, माग देणारे यंत्र, न परतल्यास किती वेळाने सूचना द्यावयाची याचा लेखी नियम आणि परिसरातील पोलीस पाटील, ग्रामपंचायत व गिर्यारोहक यांची संपर्कसूची या चार बाबी अनिवार्य असाव्यात. यांपैकी केवळ एकीला यंत्र लागते. उरलेल्या तिहींना शिस्त लागते. महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने आपापल्या परिसरातील डोंगरवाटा, पाणवठे व जुन्या अपघातस्थळांची नोंद करून ठेवल्यास अशी संपर्कसूची अधिक अर्थपूर्ण होईल. जुन्नरच्या डोंगरावर १९६२ साली ज्या माहितीचा अभाव होता, ती आज खिशात मावणाऱ्या यंत्रात उपलब्ध आहे. ती वेळेवर योग्य माणसाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करणे, एवढेच कार्य उरले आहे. आणि ते तंत्रज्ञानाहून अधिक समाजाचे कार्य आहे.